आखलेली बोअर आणि गेलेली बोअर

आडवी बोअर आपोआप सरळ जात नाही. मशीन काटेकोर समपातळीत बसवले, पहिला रॉड बिनचूक दिशेला धरला आणि मागून जोर दिला की शंभर मीटर पलीकडे रॉडच्या टोकाचे कापणारे बिट ठरलेल्या जागीच निघेल, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात एकमेकांना जोडलेल्या रॉडची लांबलचक माळ भोकाच्या तळाशी टेकून पडलेली असते आणि तिचे वजन बिटाला खाली ओढत असते. बिटाच्या लगेच मागे भोकाच्या मापाचा जाड कॉलर बसवला, तर तीच माळ कॉलरमागे खाली झुकते आणि तरफेसारखी बिटाला वर उचलते. बिट एकाच दिशेने गोल फिरत असते, त्यामुळे भिंतीला घासत ते बहुधा उजवीकडे सरकते. त्यात जमीन एकजिनसी नसते. मऊ थरातून निघालेले बिट कठीण थराला फार तिरके जाऊन भिडले, तर त्यात शिरण्याऐवजी त्याच्या अंगावरून घसरत पुढे जाते. मोठा दगड लागला की कललेच. म्हणजे वजन, फिरकी आणि थर हे तिघेही सतत आपापल्या बाजूला खेचत असतात, आणि बाहेर मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही दिसत नाही.

ही ओढ किती महागात पडते ते साध्या त्रिकोणमितीने कळते. एका अंशाची चूक झाली तर शंभर मीटरवर बोअर पावणेदोन मीटर बाजूला गेलेली असते आणि एक किलोमीटरवर साडेसतरा मीटर. कोळशाचा थर तीन मीटर जाडीचा असेल आणि बोअर त्याच्या मधोमध सुरू केली असेल, तर वर किंवा खाली एका अंशाची चूक जेमतेम पंच्याऐंशी मीटरमध्ये तिला थराबाहेर काढते. शहरातल्या रस्त्याखाली पाण्याची, सांडपाण्याची आणि गॅसची लाइन एकमेकींपासून हाताच्या अंतरावर असतात. तिथे अर्धा मीटरही पुरतो. आडव्या बोअरच्या दिशेबद्दल बोलताना आपले लक्ष यंत्राकडे जाते, त्याची ताकद आणि किंमत यांच्याकडे जाते. माझ्या मते दिशेवरचा ताबा खऱ्या अर्थाने मोजण्यात आहे, आणि मोजलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवण्यात आहे. जी बोअर मोजलेली नाही, ती कुठे गेली हे तिला पाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि जी मोजली पण नोंदवली नाही, ती पुढच्या पिढीसाठी न मोजल्यासारखीच.

वळवण्याची युक्ती तशी सोपी आहे. रस्त्याखाली केबल किंवा पाइप टाकणाऱ्या एचडीडी (दिशा वळवता येणाऱ्या आडव्या ड्रिलिंगच्या) मशीनचे बिट पुढून तिरके कापलेले असते. रॉड फिरवत ढकलला तर हा तिरकसपणा सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो आणि बोअर साधारण सरळ जाते. फिरवणे थांबवून नुसते ढकलले तर बिट तिरक्या तोंडाच्या बाजूला वळते. ते तोंड कुठे आहे ते ऑपरेटर घड्याळाच्या आकड्यांत बोलतात: बारा वाजता ठेवले तर वर, सहाला खाली, तीनला उजवीकडे. खडकात किंवा कोळशात नुसते ढकलून भागत नाही, म्हणून तिथे बिटामागे मड मोटर असते. रॉडमधून दाबाने सोडलेले पाणी तिच्यातला पिळदार दांडा फिरवते, म्हणजे मागची माळ स्थिर राहूनही बिट फिरत राहते. या रचनेचे मूळ रेने मोइनो या फ्रेंच अभियंत्याने १९३०च्या सुमारास शोधलेल्या पंपात आहे. मोटरचे कवच किंचित, साधारण एखाद्या अंशाने वाकवलेले असते. हा बाक ज्या दिशेला रोखून ठेवावा, त्या दिशेला बोअर हळूहळू वक्र होत जाते.

खरी अडचण पुढे येते. बाक कुठे रोखला आहे हे आत, शेकडो मीटरवर ठरते, आणि रॉड तर बाहेर फिरवायचा असतो. लांब माळ पीळ खाते. बाहेर नव्वद अंश फिरवले म्हणून आत नव्वद अंश फिरले असे होत नाही. शिवाय बिट कोळशाला चावू लागले की त्याची उलटी प्रतिक्रिया मोटरला आणि माळेला विरुद्ध बाजूला पिळते. जोर वाढवला की बाक पुन्हा जागेवरून हलतो. म्हणून प्रत्येक वेळी बाक कुठे आहे ते आतल्या उपकरणाकडून विचारून घ्यावे लागते. हे उपकरणही बिटाच्या तोंडावर बसवता येत नाही, मोटरच्या मागे, काही मीटर अंतरावर असते. त्यामुळे ड्रिलरला आकडा मिळतो तो बिट आत्ता कुठे आहे याचा नसतो. भोकाचा जो भाग पाडून झाला आहे त्याचा असतो. आज दिलेल्या वळणाचा परिणाम आणखी एक-दोन रॉड आत गेल्यावर दिसणार. अशा वेळी नवखा माणूस घाई करतो. वळण दिसत नाही म्हणून आणखी वळवतो, मग ते जास्त झाले म्हणून उलट वळवतो, आणि बोअर नागमोडी होते. नागमोडी भोकात रॉड जागोजागी घासतात. ते घर्षण इतके वाढत जाते की मागून कितीही जोर लावला तरी तो बिटापर्यंत पोहोचत नाही आणि बोअर अर्ध्यावर सोडावी लागते. कसबी ड्रिलर कमी वळवतो आणि जास्त मोजतो.

मोजतो म्हणजे काय करतो? आतल्या नळीत दोन प्रकारचे संवेदक असतात. एक प्रकार गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. त्यावरून बोअर किती चढती वा उतरती आहे आणि बाक कोणत्या अंगाला आहे ते कळते. दुसरा प्रकार पृथ्वीचे चुंबकत्व ओळखतो. त्यावरून बोअर पूर्वेला चालली की ईशान्येला ते कळते. आत गेलेल्या रॉडची लांबी मोजून माहीत असतेच. लांबी, चढ-उतार आणि दिशा यांच्यावरून, साधारण दर तीन किंवा सहा मीटरवर, बिटाची जागा कागदावर मांडत जायची. किनारा दिसत नसताना जुने खलाशी वेग आणि होकायंत्र यांच्या आधारे जहाज कुठवर आले असेल ते ठरवत, तसाच हा हिशेब आहे, आणि त्या हिशेबातला दोषही इथे तसाच आहे: आधीच्या टप्प्यातली चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यात सोबत येते.

चुंबकत्वाचा आधार किती नाजूक असतो, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने ही मोजणी बिघडेल हे तिथल्या शास्त्रज्ञांनी आधीच ओळखले. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. चुंबकीय मोजणी खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली, १९०४ मध्ये तिथली वेधशाळा सुरू झाली, आणि तिच्या इमारतीसाठी चुंबकीय परिणाम नसलेला पोरबंदरचा दगड वापरला गेला. ट्राम धावू लागण्याच्या आधी हे सगळे पार पडले होते. इतकी काळजी घेणाऱ्या माणसांना जे कळत होते ते आडव्या बोअरच्या कामात रोज लागू पडते. संवेदकाच्या आसपासचे रॉड साध्या पोलादाचे असून चालत नाहीत, बिनचुंबकी मिश्रधातूचे लागतात. खाणीच्या छताला आधार देणारे लोखंडी बोल्ट, रेल्वेचे रूळ, उच्च दाबाची केबल यांच्याजवळून जाताना दिशेचा आकडा बिनबोभाट चुकतो. उपकरण बिघडल्याचे सांगत नाही; ते खात्रीने चुकीचा आकडा देते.

कोळसा खाणीतल्या लांब बोअरमध्ये या सगळ्यावर एक सुंदर उपाय रूढ झाला आहे. कोळशाच्या थरात अडकलेला मिथेन खोदकामाआधी काढून घेण्यासाठी थरातूनच एक किलोमीटरहून लांब आडव्या बोअर मारल्या जातात. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले की ते मिश्रण स्फोटक असते, म्हणून हे काम जीवनमरणाचे आहे. पण थर सपाट नसतो. तो वर-खाली होतो आणि कुठे तुटून सरकलेला असतो. संवेदक बोअर कुठे आहे ते सांगतो, थर कुठे आहे ते सांगत नाही. मग ड्रिलर ठराविक अंतरावर मुद्दाम बिट वर वळवतो आणि छताच्या खडकाला लावतो. बोअरमधून परत येणाऱ्या पाण्याचा रंग बदलतो, काळ्या चुऱ्याऐवजी राखाडी चुरा येऊ लागतो, ढकलण्याचा वेग पडतो. छत अमुक जागी अमुक उंचीवर आहे अशी नोंद होते. त्यानंतर रॉड काही मीटर मागे घेऊन कोळशातच नवी फांदी फोडायची आणि पुढे निघायचे. छताला लागलेली ती आखूड फांदी तशीच सोडून दिलेली असते. हिशेबी माणसाला ती वाया गेलेली वाटेल. माझ्या दृष्टीने पूर्ण बोअरमधला सर्वांत मोलाचा भाग तोच, कारण तिथे हिशेबाला प्रत्यक्ष जमिनीचा पुरावा मिळतो.

हा पुरावा नसेल तर काय होते? भरकटलेली बोअर नुसती निरुपयोगी नसते, ती खोटा दिलासा देते. नकाशावर बोअर थरातून गेलेली दिसते, म्हणजे तिथला वायू निघून गेला असे खाणवाले मानतात. बोअर मात्र निम्म्या वाटेपासून वरच्या खडकात असते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या कोळसा खाणींत वायूच्या दाबाने कोळसा अचानक उसळून कामगारांवर येण्याचे अपघात झाले. १९९१ मध्ये साउथ बुली खाणीत तिघे गेले, १९९४ मध्ये वेस्ट क्लिफमध्ये एक जण गेला. त्यानंतर कोळशातला वायू ठराविक पातळीखाली आल्याचे दाखवल्याशिवाय पुढे खोदायचे नाही, अशी अट तिथे आली. वायू काढल्याचे सिद्ध करायचे तर तो काढणारी बोअर कुठे गेली तेही सिद्ध करावे लागते. मोजून वळवलेल्या बोअरला त्या प्रदेशात जे महत्त्व आले त्यामागे ही गरज आहे.

पाण्याच्या बाबतीतही तेच. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामातले पाणी चालू खाणीत घुसले आणि ३७५ कामगार गेले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये नऊ जण अडकले. शेजारची बंद पडलेली खाण सुमारे ३०० फूट दूर आहे असे हातातला नकाशा सांगत होता, प्रत्यक्षात तिचे खोदकाम तिथवर येऊन पोहोचले होते आणि त्याची नोंद नकाशावर नव्हती. ते नऊही जण ७७ तासांनी जिवंत बाहेर आले. अशा धोक्यासाठीच जुन्या खोदकामाच्या जवळ जाताना पुढे आणि बाजूंना आधी बोअर मारून पाहायची, हा खाणकामातला नियम आहे. पण पुढे मारलेली ती बोअर स्वतःच खाली कलली, तर ‘पाणी लागले नाही’ या तिच्या निरोपाला अर्थ काय? जिथे ती पोहोचलीच नाही तिथल्या सुरक्षिततेची ती ग्वाही देते. न मारलेल्या बोअरमुळे माणूस निदान सावध राहतो.

शहरांत या तंत्राची सुरुवात नदी ओलांडण्यातून झाली. कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलजवळ पाहारो नदीखालून १९७१ मध्ये गॅसची लाइन नेली गेली. मार्टिन चेरिंग्टन यांचे ते काम या पद्धतीची पहिली मोठी कसोटी मानले जाते. आज मुंबई-पुण्यात रस्ता न फोडता केबल आणि गॅसची लाइन टाकायला हीच पद्धत वापरतात, आणि ते योग्यही आहे. धूळ कमी, खड्डे कमी, वाहतूक चालू राहते. बिटामागे छोटा ट्रान्समीटर असतो आणि रस्त्यावर एक माणूस हातात लोकेटर घेऊन चालतो. खोली, चढ-उतार आणि बिटाच्या तोंडाची दिशा त्याला पडद्यावर दिसते. काँक्रीटमधल्या सळ्या आणि शेजारची केबल इथेही घोटाळा करतात, हे अनुभवी माणसाला माहीत असते, म्हणून तो संशय आला की बाजूला सरकून पुन्हा वाचतो.

पण चूक झालीच तर ती लगेच कळत नाही, आणि भीती त्याचीच आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा शहरात ऑगस्ट १९७६ मध्ये एक घर स्फोटाने उद्ध्वस्त झाले. दोघे गेले, चौघे जखमी झाले. तपासात निघाले ते असे. रस्ता न खोदता बोअर मारून गॅसची दोन इंची प्लास्टिकची लाइन टाकली होती. ती बोअर शेजारच्या घराच्या सहा इंची सांडपाण्याच्या नळातून आरपार गेली होती. पाइप ओढून झाला, गॅस सुरू झाला, कुणाला काही कळले नाही. मग तो नळ तुंबला. साफ करायला विजेवर फिरणारी सळई आत घातली आणि तिने गॅसची लाइन फाडली. गॅस सांडपाण्याच्या मार्गाने पलीकडच्या, म्हणजे उद्ध्वस्त झालेल्या घरात शिरला. बोअर मारणारा, पाइप टाकणारा, नळ साफ करणारा, यांतल्या प्रत्येकाने आपले काम नेहमीसारखेच केले होते. बोअर नेमकी कुठून गेली हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

यावर कामाच्या जागी पहिला आक्षेप वेळेचा येतो. दर तीन मीटरला थांबून मोजायचे आणि लिहायचे तर रोजची मजल कमी होते, मशीनचे भाडे चढते. हे खरे आहे. पण उशिरा लक्षात आलेली चूक दुरुस्त करायला मोठे वळण लागते, मोठ्या वळणाने घर्षण वाढते, आणि पोलादी पाइपला तर ठराविक मर्यादेपलीकडे वाकताच येत नाही. मग मागे येऊन पुन्हा बोअर मारावी लागते. वेळ वाचवण्याचा हा मार्ग वेळ खाणाराच आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: आता उपकरणे स्वतःच सतत आकडे पाठवतात, बोअरचे चित्र पडद्यावर आपोआप उमटते, मग माणसाच्या शिस्तीचे एवढे कौतुक कशाला? उपकरणे सुधारली आहेत, यात वाद नाही. पण ते चित्र सुरुवातीच्या जागेवरून आणि सुरुवातीच्या दिशेवरून काढलेले असते, आणि त्या दोन्ही गोष्टी माणूस भरतो. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर एक नसते. मुंबईत त्यांच्यातला फरक एका अंशाहून कमी आहे. सिडनीच्या परिसरात तो बारा अंशांहून जास्त आहे. तिथे ही दुरुस्ती भरायची राहिली, तर पाचशे मीटरवर बोअर शंभर मीटरहून अधिक बाजूला असेल आणि पडद्यावरचे चित्र मात्र नेटके दिसेल. उपकरण जितके सफाईदार, तितका त्याच्यावर विसंबण्याचा मोह मोठा. म्हणून तर छताला बिट लावून पाहणारा ड्रिलर मला महत्त्वाचा वाटतो.

तिसरा आक्षेप असा की दिशा कितीही मोजली तरी वाटेत काय आहे ते कळत नाही. उत्तरकाशीजवळच्या सिल्क्यारा बोगद्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ कामगार अडकले तेव्हा देशाने हे पाहिले. ढिगाऱ्यातून आडवा पाइप ढकलणारे ऑगर मशीन ढिगाऱ्यातल्या लोखंडी आधारात अडकून तुटले आणि शेवटचे दहा-बारा मीटर माणसांनी हातांनी खोदले. त्या मशीनला वळवण्याची सोय फारशी नसते, हे एक. आणि कोसळलेल्या ढिगाऱ्याचा नकाशा कुणाकडेच नसतो, हे दुसरे. ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. पण आपल्या रस्त्याखाली जे आहे ते निसर्गाने कोसळवलेले नाही, आपणच तिथे घातले आहे. त्याची नोंद नसणे ही अपरिहार्य गोष्ट नाही.

आणि नोंदीचा प्रश्न आपल्याकडे खरोखर मोठा आहे. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे, म्हणजे तिथे ज्यांच्या लाइन आहेत त्यांना सूचना जाते. समन्वय न ठेवता केलेल्या खोदकामामुळे देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी सरकारने सांगितले. ॲप चांगलेच आहे, पण ते ज्याला विचारणार त्याच्याकडे काय आहे? बोअरचा आराखडा काम सुरू होण्याआधी मंजुरीसाठी जोडला जातो. तो सरळ, सुबक आणि कल्पनेतला असतो. गेलेली बोअर त्याहून वेगळी असते, आणि तिचा प्रत्येक रॉडवरचा खोलीचा आकडा त्या दिवशी लोकेटर धरणाऱ्याने वाचलेला असतो. तोच कागद फायलीत गेला नाही, तर पुढच्या खोदकामाला उत्तर देताना कंपनी मंजूर आराखड्यातलीच रेषा दाखवणार. सुरक्षेचे किंवा धंद्यातल्या गुपिताचे कारण पुढे करून हे नकाशे जाहीर नकोत, असे म्हणणारे असतात. ते चव्हाट्यावर मांडा असे माझेही म्हणणे नाही. महापालिकेकडे आणि त्याच रस्त्याखाली काम करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेकडे ते असले तरी पुष्कळ झाले. अंतिम बिल मंजूर करण्याआधी रॉडनिहाय खोलीचा तक्ता आणि प्रत्यक्ष मार्गाचा नकाशा मागावा, आणि सांडपाण्याच्या नळांत कॅमेरा फिरवून बोअर त्यांतून गेली नसल्याची खात्री करावी. या दोन अटी निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही.

तुमच्या गल्लीत रस्ता न फोडता लाइन टाकली गेली असेल, तर सोसायटीच्या वतीने वॉर्ड ऑफिसकडे एक अर्ज जरूर करा. त्यात मंजूर आराखडा मागू नका. बोअर प्रत्यक्षात कुठून, किती खोलीवरून गेली याची रॉडनिहाय नोंद मागा. मिळाली तर सोसायटीच्या कागदपत्रांत जपून ठेवा आणि तुंबलेला नळ साफ करायला येणाऱ्याला आधी दाखवा. नाही मिळाली, तर माहितीच्या अधिकाराखाली पुन्हा मागा.